यमुना : एका नांवाचा अर्थ

मुलींस नद्यांचीं नांवें देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. आम्हां वऱ्हाडकरांच्या जुन्या घरांतून गंगा, गोदा, भागीरथी हीं नांवें सहज ऐकूं येत. त्यांपैकीं यमुना ह्या एका नांवाचा आज विचार करूं.

‘यम’ शब्दाचा एक अर्थ जुळें असा आहे. ऋग्वेदांत यम व यमी हीं जुळीं भावंडें; पुराणांनीं यमीलाच सूर्यकन्या यमुना मानिलें. कार्तिक शुद्ध द्वितीयेस यम बहिणीकडे जेवावयास गेला, म्हणून ती यमद्वितीया. तीच आपली भाऊबीज. सारांश, ह्या नांवांत मृत्यूचें भय नसून बहिणीची माया आहे.

ही चाल केवळ आपलीच नव्हे. आयर्लंडांतील सर्वांत लांब नदी शॅनन. ज्ञानाच्या विहिरीचा शोध घेतांना बुडालेल्या एका स्त्रीवरून तिला हें नांव पडलें, अशी तिकडील कथा आहे. पुढें परदेशीं गेलेल्या आयरिश घराण्यांतून तें मुलींस देऊं लागले.

आपल्याकडे मात्र मुलीचें नांव पुष्कळदां माहेरींच राही. लग्नांत ताटांतील तांदुळांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहीत. 1873 सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या घरीं आलेली यमुना कुर्लेकर ही रमाबाई झाली. 1865 सालीं जन्मलेली दुसरी यमुना नवव्या वर्षीं गोपाळराव जोशांची आनंदी झाली व 1886 सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाली. जगानें दोघींस सासरच्या नांवानेंच ओळखिलें.

वाङ्मयानें मात्र तें नांव जपलें. बाबा पदमनजींच्या 1857 सालच्या ‘यमुनापर्यटना’ची नायिका यमुना, आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ ह्या कादंबरींत स्वतःची कहाणी सांगणारी विधवाही यमूच. आपल्या स्त्रियांचें दुःख ह्या दोन ग्रंथांनीं ह्याच नांवाच्या मुखानें बोलून दाखविलें.

वधूनें नांव बदललेंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाहीं. शाळेच्या हजेरीपटावर ज्या नांवास मुलीनें ‘हजर’ म्हणून उत्तर दिलें, त्याच नांवावर तिचीं प्रमाणपत्रें असतात. तें टाकावयाचें कीं ठेवावयाचें, हें तांदूळ पसरण्यापूर्वीं तिलाच विचारावें. नांव आईबापांनीं ठेविलें तरी तें वागविणारी तीच असते.