फेरफार आणि सातबारा : घटनाधिष्ठित समुच्चयाची फलनात्मक रचना

एखाद्या वस्तूची माहिती संगणकात साठविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत वस्तूची आजची स्थिती तेवढी ठेवितात आणि बदल होताच जुनी स्थिती पुसून टाकितात. दुसऱ्या रीतीत घडलेल्या घटना क्रमाने नोंदवितात, त्यांपैकी एकही पुसत नाहीत, आणि आजची स्थिती त्या घटनांवरूनच काढतात. या दुसऱ्या रीतीस 'इव्हेंट सोर्सिंग' म्हणतात. फलनात्मक भाषेत तिची रचना कशी करावी आणि त्या रचनेतील कोणता भेद प्राणपणाने सांभाळावा, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही रीत आपल्याकडील महसुली दप्तराला नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तोवर विदर्भात १९५४ ची मध्यप्रदेशाची संहिता लागू होती. १९६६ च्या संहितेच्या कलम १५० प्रमाणे हक्कातील बदलाची वर्दी प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहिली जाते. तिची प्रत चावडीवर लावितात, हितसंबंधितांना लेखी कळवितात, हरकत आल्यास तिचा निर्णय करितात, आणि अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर येतो. नामंजूर झालेली नोंदही आपल्या क्रमांकासह नोंदवहीत राहते. नागपूरच्या रामदासपेठेसारख्या नागरी वस्तीत सातबाराच्या जागी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका येते. तीवर व्यवहारांचा क्रम व आजचा धारक ही दोन्ही एकाच कागदावर दिसतात.

आता संगणकाकडे वळू. ज्या माहितीवर एकच नियम अखंड राखावयाचा असतो आणि जी एका वेळी एकत्रच बदलते, तिला एरिक इव्हान्स यांच्या २००३ मधील ग्रंथापासून 'ॲग्रिगेट' म्हणण्याचा प्रघात आहे. येथे आपण तिला समुच्चय म्हणू. जमिनीचा एक गट हा असा समुच्चय होय. सर्व धारकांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी असलीच पाहिजे, हा त्याचा अभंग नियम. फलनात्मक भाषेत या समुच्चयाला दोन शुद्ध फलने पुरतात :

निर्णय : (आज्ञा, स्थिती) → घटनांची यादी किंवा नकार
परिणाम : (स्थिती, घटना) → स्थिती

आज्ञा म्हणजे विनंती, घटना म्हणजे घडून गेलेली गोष्ट. 'वाटणी नोंदवा' ही आज्ञा आणि 'वाटणी नोंदली गेली' ही घटना. रिकाम्या स्थितीपासून आरंभ करून घटनांच्या यादीवर 'परिणाम' हे फलन क्रमाने चालविले, की आजची स्थिती हाती येते. हास्केल, एफ-शार्प इत्यादी भाषांत या क्रियेस 'फोल्ड' म्हणतात. दोन्ही फलने घड्याळाकडे अथवा बाहेरच्या साठ्याकडे पाहत नाहीत. तारीख लागली तर ती आज्ञेतूनच यावी. म्हणून तीच यादी दिली असता उत्तर नेहमी तेच मिळते.

या दोन फलनांतील खरा भेद असा की, 'निर्णय' नकार देऊ शकतो, 'परिणाम' देऊ शकत नाही. त्याच्या प्रकारातच नकाराला जागा नाही. हा भेद केवळ सोयीचा नव्हे, हे एका कल्पित गटावरून ध्यानात येईल. समजा, १९८८ मध्ये बाप व दोन मुलगे यांच्यात वडिलार्जित जमिनीची नोंदणीकृत वाटणी झाली आणि विवाहित मुलीला त्यात वाटा नव्हता. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, त्या तारखेपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना, आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींना सहदायिकत्व मिळाले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'मुलीला वगळून वाटणी अवैध' हा नियम 'परिणाम' या फलनात घातला, तर आज घटना पुन्हा चालविताना १९८८ ची नोंद अडेल. तिच्यावर आधारलेली पुढील खरेदीखते व बँकेचे बोजेही मग कोसळतील. कायद्याने मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी स्पष्टपणे अबाधित ठेविली आहे. नियमाचे स्थान 'निर्णया'त आहे. तेथे तो आजच्या आज्ञेला लागू होतो, कालच्या घटनेला नाही. बाप मृत्युपत्र न करिता वारला, तर त्याच्या वाट्यात मुलीचा वारसहक्क येतो; तो नव्या घटनेने नोंदला जाईल. त्यासाठी जुनी घटना खोडावी लागत नाही. लेखनदोषाची दुरुस्तीही याच न्यायाने नवी घटना म्हणूनच व्हावी.

समुच्चयाची मर्यादाही ओळखली पाहिजे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची मर्यादा धारकाच्या सर्व गटांतील एकूण जमिनीवर असते. एकाच गटाच्या 'निर्णया'ला ती तपासता येणार नाही. तिच्यासाठी स्वतंत्र समुच्चय अथवा वरची प्रक्रिया लागते. तसेच एकाच गटावर दोन आज्ञा एकाच वेळी आल्या, तर प्रत्येकीने आपण कितव्या घटनेपर्यंतची स्थिती पाहिली तो क्रमांक सोबत द्यावा. दरम्यान नवी घटना पडली असेल, तर मागे राहिलेल्या आज्ञेचा निर्णय नव्या स्थितीवर पुन्हा करावा. आणि यादी फार लांबली तर मधली स्थिती साठवून ठेवण्यास हरकत नाही. मात्र ती केव्हाही टाकून देऊन घटनांवरून पुन्हा काढता आली पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फेरफार नोंद स्वतः मालकी निर्माण करीत नाही. मालकीचे मूळ दस्त, वारसा अथवा न्यायालयाचा हुकूमनामा यांत असते. संगणकातील घटनांची यादी मात्र त्या प्रणालीपुरते अंतिम प्रमाण असते. म्हणूनच तिच्याविषयी अधिक दक्षता हवी. नियम बदलतात, बदललेच पाहिजेत. पण ज्या नियमाखाली जे घडले ते तसेच वाचता आले पाहिजे. 'निर्णय' आणि 'परिणाम' यांची फारकत याचसाठी करावयाची.