कसबा बावड्यातल्या दोन खुणा: एक शाहू महाराजांच्या जन्माची, दुसरी महापुराची

२६ जून आला की सगळ्यांच्या स्टेटसला राजर्षी शाहू महाराजांचे फोटो लागतात. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस आहे. महाराजांचा जन्म तिथलाच, त्यामुळे त्या दिवशी तिथे अभिवादनासाठी लोक येतात.

मग पावसाचा जोर वाढतो आणि कोल्हापूरकरांचे स्टेटस बदलतात. आता सगळीकडे एकच आकडा फिरत असतो. राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच.

हा बंधाराही कसबा बावड्यातलाच आहे.

म्हणजे एकाच गावात इतिहासाच्या दोन खुणा. एका ठिकाणी जन्मस्थळाची पाटी, दुसऱ्या ठिकाणी पाण्याची मोजपट्टी. दोन्ही अगदी थोडक्यात बोलतात. त्या थोडक्या शब्दांमागे काय दडलंय, ते बघूया.

पाट्या लावतं कोण?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून हायवेच्या कडेला इतिहासाच्या पाट्या उभ्या करायला सुरुवात केली. इथे अमुक लढाई झाली, इथे तमुक जन्मला, असं चार ओळींत लिहिलेलं असतं. पुढे ही पद्धत तिकडे गावोगावी गेली.

आपल्याकडे अशी एकच व्यवस्था नाही. कुठे पुरातत्त्व विभागाचा फलक असतो, कुठे महापालिकेचा, तर कुठे एखाद्या तालीम मंडळाने हौसेने लावलेला. आणि बऱ्याच ठिकाणी पाटी नसतेच. गावाचं नाव हीच काय ती खूण.

कसबा बावडा हे त्याचं उदाहरण. जुन्या काळात 'कसबा' म्हणजे साधं खेडं नव्हे. जिथे बाजार भरतो, आसपासच्या गावांचा महसुली कारभार चालतो, असं मोठं गाव म्हणजे कसबा. कोल्हापूर जिल्ह्यात कसबा बीड, कसबा सांगाव, कसबा तारळे अशी नावं आहेत. पुण्यात कसबा पेठ आहे, कोकणात कसबा संगमेश्वर आहे. आज बावडा कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत आहे, पण नावातला कसबा सांगतो की हे गाव शहराचं उपनगर म्हणून वसलेलं नाही.

जन्मस्थळाच्या नावात ४५ वर्षं

आता पहिली खूण. 'राजर्षी शाहू महाराज जन्मस्थळ' हे चार शब्द वाचून कुणालाही वाटेल की इथे राजपुत्र जन्मला.

पण २६ जून १८७४ रोजी इथे जन्मलेल्या बाळाचं नाव होतं यशवंतराव घाटगे. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार. कोल्हापूरच्या गादीशी या मुलाचा थेट वारसाहक्क नव्हता. म्हणूनच जन्म छत्रपतींच्या राजवाड्यात न होता बावड्यात झाला.

मग ते छत्रपती कसे झाले? तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. इंग्रजांनी त्यांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू झालं. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. प्रत्यक्ष राज्यकारभार हाती आला तो २ एप्रिल १८९४ रोजी.

आणि 'राजर्षी'? ही पदवी १९१९ साली कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत मिळाली. तोवर १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा निघाला होता, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला होता.

म्हणजे त्या चार शब्दांमध्ये १८७४ ते १९१९ अशी ४५ वर्षं बसली आहेत. जन्माने मिळालेलं त्यात फार थोडं. बाकीचं सगळं पुढे घडलेलं.

मोजपट्टी कशी वाचायची?

दुसरी खूण पंचगंगेवर. शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांच्या नावाचा हा बंधारा. पंचगंगेला पूर किती आला, हे इथल्या पातळीवरून ठरतं.

दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पाणी ३९ च्या दिशेने निघालं की शहरात सुतारवाड्याकडे लक्ष लागतं. नदीकाठच्या चिखली, आंबेवाडीत जनावरं हलवायची का, याची चर्चा सुरू होते. म्हणजे या आकड्यावर लोक घर सोडायचं की थांबायचं हे ठरवतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. धोका पातळीपेक्षा तब्बल १२ फूट जास्त. पुणे-बंगळुरू हायवे कितीतरी दिवस बंद होता. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पातळी पुन्हा ५५ च्या वर गेली.

दोन्ही खुणा जोडणारी नदी

पंचगंगा बनते ती कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांची. पाचवी सरस्वती गुप्त आहे, असं मानतात. यातल्या भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे, आणि ते शाहू महाराजांनी सुरू केलेलं. काम त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही, पण आज साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी तिथे साठतं.

या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात. मग ते पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला येतं, पंचगंगेला मिळतं, शहराला वळसा घालतं आणि बावड्यात राजाराम बंधाऱ्यावर पोचतं. पूर काही एकट्या राधानगरीमुळे येत नाही, चारही नद्यांच्या खोऱ्यांत किती पाऊस पडतो त्यावर तो ठरतो. पण दरवाजा उघडल्याची बातमी आली की सगळे बंधाऱ्याचा आकडा बघायला लागतात, ते यासाठी.

कुठली खूण टिकणार?

लक्ष्मी विलास पॅलेस हे राज्य संरक्षित स्मारक आहे. १९६० च्या राज्याच्या कायद्याने अशा वास्तूची मोडतोड करणं गुन्हा आहे.

पुराच्या खुणांना असं कुठलंच संरक्षण नाही. घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते ओलीच्या डागावरून दिसतं, पण भिंतीला रंग दिला की विषय संपला. पाटबंधारे विभाग पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. पण या रेषा असतात नकाशावर. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

जपानमध्ये आनेयोशी नावाची एक छोटी वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी उतारावर एक दगड रोवला. या दगडाच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर कोरलं. पुढच्या पिढ्यांनी ते ऐकलं. २०११ ची त्सुनामी त्या दगडाच्या अलीकडेच थांबली आणि वरची घरं वाचली.

कोल्हापुरात नदीच्या बाजूला फ्लॅट किंवा प्लॉट बघायला गेलात, तर बिल्डरला निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते विचारा. आणि शेजारच्या जुन्या रहिवाशाला एवढंच विचारा, "काका, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो हात जिथवर उंच करून दाखवेल, तिथे आज तरी कुठली पाटी नाही.