कागदाची करामत (भाग 6) : माशाची बारा पानं

गेल्या दोन भागांतल्या घड्या आणि कातरकाम बऱ्याच वाचकांनी करून पाहिलं. त्यातल्या अनेकांची तक्रार एकच : दिसतं छान, पण चार दिवसांत चुरगळतं. टिकणारं काही सांगा. तर या आठवड्यात गंजिफा.

सावंतवाडीचा राजवाडा पाहिलेल्यांना ही गोल, चकचकीत, हाताने रंगवलेली पत्त्यांची पानं आठवत असतील. दशावतारी गंजिफाचा संच 120 पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. मोगली गंजिफा त्याहून लहान, आठ रंगांचा आणि 96 पानांचा. स्वस्त छापील पत्ते आले तसा हा खेळ मागे पडला. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच पानं रंगवण्याचं काम सुरू केलं, म्हणून ती आज पाहायला तरी मिळते.

घरी 120 पानांच्या मागे लागू नका. मत्स्यावताराची बारा पानं पुरे. पण रंगाची डबी लगेच उघडायची नाही. या कामाचं निम्मं यश रंगाआधी, पान घडवण्यात आहे. बाजारातला जाड पुठ्ठा गोल कापून त्यावर मासे काढले की झालं, असं वाटतं खरं. पण रंगाचं पाणी लागताच तो पापडासारखा वळतो.

तो का वळतो, हे रद्दीतल्या वर्तमानपत्रावर पाहून घ्या. पान वरून खाली फाडा : चीर बऱ्यापैकी सरळ जाते. आडवं फाडा : वेडीवाकडी जाते. गिरणीत कागद धावत्या जाळीवर तयार होतो, तेव्हा लगद्यातले बरेचसे तंतू धावेच्या दिशेनेच पडतात. ओला झालेला तंतू जाडीला चांगलाच फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून कागद एकाच अंगाने पसरतो आणि एकच बाजू ओली असली की वळकटी होते. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तशा हातकागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे तो कमी त्रास देतो. परवडत असेल तर तोच घ्या.

नाहीतर साध्या ड्रॉइंग पेपरचे तीन थर घ्यायचे. वरच्या आणि खालच्या कागदाचे तंतू एका दिशेला, मधल्याचे त्यांना काटकोनात. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पान सपाट राहतं. दिशा ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. त्याची नळी जिच्याभोवती वळते, ती तंतूंची दिशा.

चिकटवायला खळ. जुने कारागीर चिंचोक्याची खळ वापरत आणि अजून तिला तोड नाही. मूठभर चिंचोके भाजून रात्रभर भिजत घाला, टरफलं काढा, बारीक वाटा आणि पाणी घालून मंद आचेवर शिजवा. गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. पातळ पिठल्याइतकी झाली की फडक्यातून गाळा. एवढा खटाटोप नको असेल तर मैद्याची खळ चालेल. पुस्तकबांधणीवाले तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर ते घालूच नका, खळ रोज ताजी करा.

खळ पातळ आणि सगळीकडे सारखी लावा, मधली हवा तळहाताने बाहेर काढा. रद्दीच्या कागदांमध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर वरवंटा. ओली झालेली रद्दी बदलत राहा. दोन दिवस घाई नाही. पूर्ण वाळल्यावर वाटीच्या तळाने गोल आखून कापा आणि कडा पॉलिश पेपरने घासा.

आता खडूची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात कालवून दोन्ही बाजूंना पातळ हात द्या. वाळला की घोटायचं. कारागीर अकीक वापरतात. आपल्याला स्टीलच्या चमच्याची पाठ पुरते. हे कंटाळवाणं काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. घोटलेल्या पानावर ब्रश अडखळत नाही, न घोटलेल्यावर रेघ फुटते. दोन पानं शेजारी ठेवून रेघ ओढून पाहा, फरक लगेच कळेल.

रंग पोस्टर कलरच घ्या. आधी सगळ्या बारा पानांची जमीन एका रंगात, कारण खेळताना पान ओळखायचं ते आधी जमिनीच्या रंगावरून. मग मासा. दोन नंबरचा गोल ब्रश रंगाने भरून घ्या, डोक्याकडे दाबा आणि शेपटीकडे ओढत अलगद उचला. अंग एका फटक्यात झालं पाहिजे. गिरवलं की मासा मेलाच. शेपटीला दोन छोटे फटकारे. डोळ्याचा पांढरा ठिपका काडीच्या टोकाने, त्यातला काळा टाचणीने. बाह्यरेषा सगळ्यात शेवटी.

मासे मोजावे न लागता संख्या दिसली पाहिजे. दश्शीला तीन-चार-तीन अशा ओळी बसतात. राजा सहसा मखरात किंवा सिंहासनावर असतो, प्रधान सहसा घोड्यावर. माणसं काढायला हात धजत नसेल तर राजाला मोठा मुकुटधारी मासा काढा. परंपरेचे जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

शेवटी लाख. पाण्यातलं व्हार्निश ब्रशने लावलंत तर पोस्टर कलर त्यात विरघळून डोळे नाकावर येतील. पॉलिशवाल्यांकडचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावा. हे रंग स्पिरिटमध्ये सुटत नाहीत. खिडकी उघडी हवी आणि गॅस बंद. दोन पातळ हात पुरतात. रंग किंचित पिवळसर होईल, जुन्या पानांचा उबदारपणा त्यातूनच येतो.

पानं नीट कडक होईपर्यंत एकावर एक रचू नका, चिकटतील. नंतर कॅरमची पावडर चोळली की हातातून सुळसुळीत सरकतात.

पुढच्या भागात : उरलेल्या खळीत रद्दीचा लगदा भिजवून मुखवटे.