ठिपका तिकडे, आपण इकडे!

मोबाईलमध्ये जीपीएस नाहीये? टेन्शन नको. एकेकाळी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हँडसेटमध्ये ते नसायचंच. तरीही मॅप वापरता येतो. फक्त तो निवडताना काय तपासायचं, हे माहीत हवं. मला नव्हतं.

मी मूळची नगरची, पुण्यात येऊन जेमतेम महिना झालेला. इंटर्नशिपमधली पहिलीच मुलाखत. आजोबांनी अकराची वेळ दिली होती, पत्ता नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळ. डेक्कनला गाडी थांबवून मोबाईलवर मॅप उघडला. ठिपका पडला नदीपलीकडे! मी तिथूनच रस्ता विचारला आणि सगळंच उलटंपालटं झालं. शेवटी लोकांना विचारत लकडी पुलाशी आले, तर पोलीसमामांनी अडवलं, "ताई, पुलावर दुचाकीला बंदी आहे." पुढे एकेरी रस्त्यांनी आणखी फिरवलं. पोचले तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि आजोबा पानावर बसले होते. "आता नको," एवढंच म्हणाले. लेखाची जागा दुसऱ्याच्या लेखाने भरली.

ठिपका येतो कुठून?

जीपीएस असेल तर फोन उपग्रहांवरून जागा काढतो. नसेल तर तो जवळच्या मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधतो. प्रत्येक टॉवरला स्वतःचा नंबर असतो आणि तो साधारण कुठे आहे, याची यादी मॅपवाल्यांकडे असते. 'गूगल मॅप्स'च्या मोबाईल आवृत्तीत 'माय लोकेशन' ही सोय नोव्हेंबर २००७ मध्ये आली, ती याच तत्त्वावर. शहरात टॉवर दाट, त्यामुळे चूक काहीशे मीटरची. गावाबाहेर तीच काही किलोमीटरवर जाते. म्हणून ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ दिसतं. त्याचा अर्थ, 'तुम्ही यात कुठेतरी आहात.' आता डेक्कन आणि नारायण पेठ यांच्यामध्ये फक्त मुठा नदी. एवढ्या वर्तुळात दोन्ही काठ सहज बसतात. मी वर्तुळ पाहिलंच नव्हतं, नुसता ठिपका पाहिला.

मग निवडायचा कसा?

नवा मॅप घेतलात की आधी आपल्या घराच्या गल्लीवर या चार परीक्षा घ्या.

एक, सुरुवातीची जागा आपल्या हाताने टाकता येते का? चौकाचं नाव टाइप करून किंवा नकाशावर बोट ठेवून. जीपीएस नसताना हीच सगळ्यात मोठी गोष्ट.

दोन, नेट बंद करून बघा. ऑनलाइन मॅप नकाशाचे तुकडे नेटवरून आणतो. त्यात पैसेही जातात आणि रेंज गेली की पडदा कोरा. नोकियाच्या बऱ्याच सिम्बियन फोनवर पूर्वी कॉम्प्युटरवरून 'मॅप लोडर' वापरून अख्खा नकाशा मेमरी कार्डात भरता यायचा. रोज नव्या भागात फिरणाऱ्यांनी असा आधीच भरून ठेवता येणारा नकाशा घ्यावा. क्वचित लागत असेल तर ऑनलाइन पुरतो.

तीन, लोकांच्या तोंडची नावं शोधा. पुण्यात प्लॉट नंबर कोण सांगतं? इथे जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा यांच्यावरूनच पत्ते सांगतात. गूगलनेही डिसेंबर २००९ पासून भारतातल्या मॅपवर रस्ता सांगताना ओळखीच्या खुणा द्यायला सुरुवात केली आहे. ज्या मॅपमध्ये तुमच्या भागातल्या अशा खुणा जास्त, तो तुमचा.

चार, घर ते कॉलेज हा पाठ असलेला रस्ता विचारा. एकेरी रस्ते बरोबर दाखवतो का? दुचाकीची बंदी मात्र मॅपला कळेलच असं नाही. तेव्हा कारसाठी लकडी पूल होता, तर आपल्यासाठी झेड ब्रिज किंवा भिडे पूल. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूलही पाण्याखाली!

थोडक्यात, जीपीएस नसेल तर 'मी कुठे आहे' हे मोबाईलला विचारू नका, तुम्हीच त्याला सांगा. दुकानाच्या पाटीवर पत्ता लिहिलेला असतो, चौकाचं नाव रिक्षावाले काका सांगतात. 'पुढे कसं जायचं' एवढंच मॅपवर सोडा.

आजोबांना परत फोन केला होता. खूप विनवल्यावर गुरुवारी अकराची वेळ मिळालीये. या वेळी सुरुवात मी स्वतः टाइप करणार आहे आणि झेड ब्रिजवरून जाणार आहे. निघणार मात्र सव्वादहालाच!