आकड्यांची कैफियत

वितरण कंपनीच्या कार्यालयातील ज्या लांबट दालनात ग्राहक तक्रार निवारण मंचाची सुनावणी चालते, तेथे न्यायालयाचा थाट नाही. तथापि अर्जदाराने आपली फिर्याद सांगावी, उपविभागाच्या अभियंत्याने लेखी खुलासा सादर करावा आणि मिसलीतील कागद समोर ठेवून सदस्यांनी उभयतांना प्रश्न विचारावेत, हा क्रम मात्र जुन्या कचेऱ्यांच्या शिस्तीला साजेल असाच असतो. 2003 च्या विद्युत अधिनियमातील 42 व्या कलमाने हा मंच स्थापण्याची जबाबदारी खुद्द वितरण परवानाधारकावरच टाकली आहे. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच छपराखाली न्यायाची बैठक, ही व्यवस्था प्रथमदर्शनी विलक्षण वाटते, आणि तिच्या निःपक्षपातीपणाविषयी नवख्या अर्जदाराच्या मनात शंका आली तर त्याला दोष देता येत नाही.

मागच्या बाकावर बसून मी जी प्रकरणे ऐकली, त्यांत शिवणकामावर संसार चालविणाऱ्या एका बाईंचे प्रकरण विशेष लक्षात राहिले. वर्षानुवर्षे माफक येणारे बिल एका महिन्यात एकदम 1190 युनिटांवर गेले होते. अभियंत्याचा खुलासा सरळ होता : मीटर तपासले, त्यात दोष नाही, सबब वापर ग्राहकाचाच आहे. “साहेब, दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही न् माझं मशीन, एवढी वीज मी एका महिन्यात जाळली तरी कशी?” हा बाईंचा प्रतिप्रश्नही तितकाच सरळ होता, आणि गंमत अशी की दोघेही खरेच बोलत होते.

अध्यक्षांनी ‘सी.पी.एल.’, म्हणजे ग्राहकाची महिनावार खतावणी, मागविली. तीत मागील चोवीस महिने दरमहा 40 युनिटांची नोंद, न चुकता, न ढळता. वैशाखात पंखा दिवसभर फिरो की दिवाळीच्या हंगामात मशीन मध्यरात्रीपर्यंत चालो, चाळीस म्हणजे चाळीस! बिलावर मीटरचे छायाचित्र छापलेले होते खरे. पण महिन्यामागून महिने त्या चौकोनात काळोखावाचून काही दिसत नव्हते. वाचन घेण्यास कोणी फिरकलेच नव्हते. घरबसल्या आकडा बसविला जात होता, आणि नव्या माणसाने प्रथमच खरा आकडा टिपला तेव्हा साचलेली सारी वीज एका महिन्याच्या माथी आली.

येथून पुढचे काम त्रैराशिकाचे होते आणि ते पाहण्यासारखे होते. चोवीस महिन्यांचे 960 आणि हे 1190, मिळून 2150 युनिट. पंचवीस महिन्यांत वाटले की दरमहा 86. घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटांपर्यंत, त्यामुळे खऱ्या हिशेबात बाई त्या स्वस्त टप्प्याबाहेर कधी गेल्याच नव्हत्या. उलट कंपनीच्या बिलात 690 युनिट पाचशेच्या वरच्या, सर्वांत महाग टप्प्यात जाऊन बसले होते. वीज वापरली ती बाईंनीच; केवळ ती कोणत्या महिन्याच्या नावे लिहिली एवढ्या एका गोष्टीने बिलाची रक्कम फुगली होती.

वीजक्षेत्रातील सुधारणा म्हटले की आपल्याला एन्रॉन वीजप्रकल्पाचा गदारोळ किंवा 2005 साली झालेले राज्य वीज मंडळाचे विभाजन आठवते. परंतु माझ्या मते तिचा खरा आरंभ मोजणीच्या आग्रहात आहे. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि पुढल्याच वर्षी दरनिश्चितीच्या जाहीर सुनावणीत मंडळाच्या हिशेबाची झडती झाली. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावे अंदाजाने वाटेल तेवढी वीज दाखविता येत होती, आणि त्या अंदाजाच्या पोटात गळती व चोरी सुखाने नांदत होती. सतरा-अठरा टक्के म्हणून सांगितली जाणारी हानी वस्तुतः तीस टक्क्यांच्याही वर असल्याचे त्यातून उघड झाले. मंडळाने राज्यापुढे जो अंदाज मोजमाप म्हणून ठेवला होता, त्याचेच हे घरगुती रूप या बाईंच्या खतावणीत दिसत होते.

मंचाचा हुकूम यथावकाश निघाला : युनिटे पंचवीस महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा, व्याज व विलंब आकार रद्द करावा, उरलेली रक्कम हप्त्यांनी घ्यावी. निर्णय अमान्य असल्यास ग्राहकाला साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते; कंपनीला तो मार्ग नाही, तिला उच्च न्यायालयाचेच दार ठोठावावे लागते. चाळीसचा आकडा कोणी बसविला, याचा शोध मात्र मंचाने घेतला नाही. वाचनाचे काम ठेकेदाराकडे, ठेकेदाराचा माणूस मीटरमागे तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारा, आणि तो केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. ‘संबंधितांवर कारवाई करण्यास कंपनी मोकळी आहे’, एवढे एक वाक्य हुकुमाच्या तळाशी होते. अभियंत्याने ते वाचले, पोच म्हणून सही केली आणि पुढच्या प्रकरणाची फाईल उघडली.