मुलांच्या मूत्रपिंडावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला का होतो?

नवी दिल्ली : ताप किंवा पोटाचा साधा आजार होऊन गेलेले सात-आठ वर्षांचे मूल अचानक फिकट पडते, लघवी कमी होते, रक्तदाब चढतो. तपासणीत फुटलेल्या लाल रक्तपेशी, घटलेल्या प्लेटलेट्स आणि निकामी होऊ लागलेली मूत्रपिंडे आढळतात. ‘अटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’ या दुर्मीळ आजाराचे हे चित्र आहे. भारतीय मुलांत त्याचे धागेदोरे बहुतेकदा ‘फॅक्टर एच’ या रक्तातील एका प्रथिनापर्यंत पोहोचतात.

रक्तद्रवात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची एक फौज असते. तिच्यातील सी-३ हे प्रथिन जंतूची वाट पाहत नाही. ते अल्प प्रमाणात सतत सक्रिय होत राहते. त्याचा सी-३बी हा तुकडा जवळच्या कोणत्याही पृष्ठभागाला चिकटतो, मग तो जंतूचा असो वा आपल्याच पेशीचा. एक तुकडा आणखी अनेक तुकडे तयार करवतो आणि काही मिनिटांत पेशीला भोक पाडण्यापर्यंत मजल जाते. शस्त्र असे आंधळे असल्याने खरा प्रश्न त्याला आवरण्याचा आहे.

ते काम फॅक्टर एच करते. मानवी पेशींवरील सियालिक आम्लासारख्या खुणा ओळखून ते तेथे थांबते, सी-३बीला धरते आणि ‘फॅक्टर आय’ या दुसऱ्या प्रथिनाकडून त्याचे तुकडे करवून घेते. बहुतेक जंतूंवर या खुणा नसतात, म्हणून ते मारले जातात. आजारी मुलांच्या शरीरात मात्र फॅक्टर एचच्या विरोधातच प्रतिपिंडे तयार होतात. ती नेमकी या प्रथिनाच्या पेशी ओळखणाऱ्या टोकाला बिलगतात. मग मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर उघडे पडते आणि त्यांत गुठळ्या होतात.

दिल्लीतील एम्सच्या बालमूत्रपिंडविकार तज्ज्ञांच्या पुढाकाराने देशभरातील ७८१ रुग्णांची माहिती संकलित झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४३६ जणांत, म्हणजे सुमारे ५६ टक्के रुग्णांत, ही प्रतिपिंडे आढळली. युरोपात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास मानले जाते. बहुतेक रुग्णांत ‘सीएफएचआर-१’ या जनुकाच्या दोन्ही प्रती नसतात. तथापि, अनेक निरोगी माणसांतही त्या नसतात. त्यामुळे दोष केवळ आनुवंशिकतेच्या माथी मारता येत नाही.

हा फरक उपचार ठरवतो. कॉम्प्लिमेंट रोखणारे एक्युलिझुमॅब हे औषध अतिशय महागडे असून बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. प्रतिपिंडे हेच कारण असेल, तर प्लाझ्मा बदलून ती काढून टाकता येतात आणि स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्यांची नवी निर्मिती रोखता येते. एम्सच्या २०१४ मधील १३८ मुलांच्या अभ्यासात या दुहेरी उपचाराने मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढल्याचे दिसले. प्लाझ्मा बदलण्यास उशीर झाल्यास मात्र ही संधी हुकते. आजार उलटू शकत असल्याने बऱ्या झालेल्या मुलांच्याही रक्तातील प्रतिपिंडांची पातळी पुनःपुन्हा तपासावी लागते.