हेडफोन घेताय? आधी काम पाहा



काम आणि गाणे यांचे नाते आपल्या धानपट्ट्यात जुने आहे. रोवणीला उतरलेल्या बाया एका सुरात गाणी म्हणत, आणि बांधी कधी संपली ते कळत नसे. पुढे धुऱ्यावर ट्रान्झिस्टर आला. आता मोबाईल खिशात आणि हेडफोन कानात आला आहे. गाण्याने कामाचा शीण हलका होतो, यात शंका नाही. फरक एवढाच, की धुऱ्यावरचा रेडिओ वाजत असताना कान मोकळे असत. हेडफोन कान अडवतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : मी जे काम करतो, त्यात माझ्या कानाला काय ऐकू आलेच पाहिजे?

या कामांत हेडफोन नकोच

धान चुरताना थ्रेशरजवळ हेडफोन नको. लोंबती वायर पट्ट्यात किंवा फिरत्या दांड्यात अडकली, तर सैल पदराइतकीच घातक ठरते. बिनवायरचा असला तरी "थांबव!" ही हाक ऐकू येत नाही. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना, रेल्वेमार्ग ओलांडताना आणि ढोरे चारताना हाच नियम.

मोहफुले वेचायला आपण पहाटे जंगलात जातो, त्याच फुलांवर अस्वलही येते. नवेगाव-नागझिऱ्याच्या आजूबाजूच्या गावांना हे सांगायला नको. तेंदूपाने तोडतानाही पाचोळ्याची सळसळ आणि सोबतिणीची हाक हेच आपले राखणदार. तिथे एका कानातसुद्धा गाणे नको.

आवाजाचे गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसावा, असे जाणकार मानतात. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज बहुधा ९० च्या पुढे जातो. भातगिरणीतही यंत्राशेजारी ओरडून बोलावे लागते. अशा जागी गाणे ऐकायचे तर ते यंत्राच्या वर चढवावे लागते, म्हणजे कानावर दुहेरी मारा. आतल्या कानात जन्मतः सुमारे १५ हजार बारीक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की धानाच्या फुटव्यासारख्या पुन्हा फुटत नाहीत.

गिरणीत कान वाचवायचे, तर दोन्ही कान झाकणारे इअरमफ किंवा फोमचे बोळे वापरा. गाण्याचा हेडफोन ही त्यांची जागा घेणारी वस्तू नव्हे. दुकानदार "बाहेरचा आवाज कापणारा" हेडफोन दाखवील. तो एकसुरी घरघर कमी करतो. पण त्यामुळे माणसाची हाकही मंदावते.

मग कुठे चालेल?

बिडी वळणे, शिलाई, लाखोळी-जवस निवडणे, हिशेब लिहिणे अशी एका जागी बसून, शांत ठिकाणी करायची कामे गाण्याला योग्य. चौघीजणी मिळून बसत असाल, तर लहान स्पीकर सर्वांत बरा. एकट्याने ऐकायचे असेल, तर निवड अशी करा :

१. रबरी बोंडाचे, कानात बसणारे : हलके आणि स्वस्त. डब्यात बहुधा तीन मापांची बोंडे असतात. दुखत नाही आणि पडत नाही असे माप घ्या. दमट हवेत तासन्तास घातल्यास आत घाम साचून खाज आणि बुरशी होऊ शकते.

२. कानावर टेकणारे : कानाची पाळी दाबली जाते. तासाभराने दुखते का ते पाहा.

३. कान पूर्ण झाकणारे : गादी कानाभोवती टेकत असल्याने जास्त वेळ सुखाचे. पण रेक्झिनची गादी उन्हाळ्यात तापते. कापडी गादी बरी. चष्मा असेल तर तो लावूनच पाहा.

४. कानाबाहेर हाडावर टेकणारे : कान मोकळा राहतो, घरात बाळ रडलेले कळते. किंमत जास्त पडते. आवाज फार वाढवला तर आतला कान यानेही बिघडतो.

शक्य असेल तर दुकानात दहा मिनिटे डोक्यावर ठेवून पाहा. डोके हलवा, खाली वाका. वजन मानेला जाणवले किंवा कानशिलावर चिमटा बसला, तर ती वस्तू ठेवून द्या. महाग म्हणजे सुखाचा असे समीकरण नाही.

वापर आणि निगा

आवाज मोबाईलच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू आले पाहिजे, ही घरची कसोटी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगते. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे करा. बोंडे रोज कोरड्या फडक्याने पुसा. एकाची बोंडे दुसऱ्याने घालू नयेत. कान वाहत असेल तर बरा होईपर्यंत हेडफोन बंद, आणि तेल-काडी तर मुळीच नको.

रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात शिट्टी वाजते, किंवा घरचे म्हणतात "टीव्ही फार मोठा लावतोस" : ही धोक्याची पहिली खूण समजा. वेळ न घालवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. उरलेली मात्र नक्की राखता येते.